महागडा गेमिंग लॅपटॉप तापून मंद का होतो

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की फोंडा, म्हापसा, मडगाव येथील संगणकांच्या दुकानांत पालक आणि मुले लॅपटॉप पाहायला येऊ लागतात आणि ही वर्दळ चवथीच्या सवलतींपर्यंत टिकते. कुणाचा काका किंवा मामा बोटीवर अथवा आखातात असेल तर लॅपटॉप तिकडूनच मागवला जातो. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या या यंत्रावर गेमही खेळले जाणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण पुढे येते. दीड-दोन लाख रुपये मोजून आणलेल्या लॅपटॉपवर गेम पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरेख चालतो आणि मग अडखळू लागतो. पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नाही आणि तापमान दाखवणारे ॲप ९५ अंश सेल्सिअसचा आकडा दाखवते. मुलगा म्हणतो, पीस खराब लागला. वडील म्हणतात, गेम खेळून खेळून तू तो जाळणार आहेस. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे बरोबर नसते.

माझ्या मते आपण या प्रश्नाकडे चुकीच्या आकड्यावरून पाहतो. तापमानाचा आकडा ठळक दिसतो म्हणून सगळी चिंता त्याच्याभोवती फिरते. लॅपटॉपची खरी ताकद मात्र तो किती वॅट उष्णता सतत बाहेर टाकू शकतो यावर ठरते, आणि तो आकडा जाहिरातीत बहुधा नसतो. शिवाय गोव्यासारख्या ठिकाणी खोलीतली हवा या हिशेबात मोठा वाटा उचलते.

## वीज आत जाते, उष्णता बाहेर येते

वॅट म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते याचे माप. चिप वजन उचलत नाही आणि चाकही फिरवत नाही, त्यामुळे ती जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत बदलते. भारी गेम चालू असताना उच्च श्रेणीच्या लॅपटॉपमधले प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून २०० वॅटच्या आसपास वीज सहज घेतात, आणि ही सगळी उष्णता अवघ्या काही चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते. डेस्कटॉपमध्ये त्यासाठी मोठी पेटी, मोठे पंखे आणि ऐसपैस जागा असते. लॅपटॉपमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत बॅटरी, कीबोर्ड आणि बाकी सगळे सांभाळून हे काम करावे लागते.

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म स्विच, असतात आणि प्रत्येक जण उघडमीट करताना थोडा विद्युतभार भरतो आणि सोडतो. त्यात खर्च होणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते: ही उघडमीट सेकंदाला किती वेळा होते, म्हणजे गिगाहर्ट्झमध्ये सांगितला जाणारा वेग, आणि चिपला दिलेला विद्युतदाब (व्होल्टेज). वेगाच्या प्रमाणात वीज वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो, म्हणून दोन्ही एकत्र वाढले की उष्णता फार झपाट्याने चढते. उलट दिशेने हाच हिशेब आपल्या कामाचा आहे. वेग आणि दाब दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले तर ०.९ चा घन, म्हणजे सुमारे ०.७३ इतकीच वीज लागते. दहा टक्के वेग सोडून उष्णतेत सत्तावीस टक्क्यांची बचत होते. प्रत्यक्षातल्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी गळतीची वीज वगैरे आणखी बाबी असतात, तरी कल हाच राहतो, आणि पुढचे बहुतेक उपाय याच गणितावर उभे आहेत.

तंत्रज्ञान दरवर्षी पुढे जात असताना उष्णतेचा प्रश्न का सुटत नाही, असे कुणी विचारेल. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेल्यास त्याला लागणारा विद्युतदाबही त्याच प्रमाणात कमी करता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. सुमारे तीन दशके हे सूत्र चालले. २००५ च्या आसपास ते थांबले, कारण दाब आणखी उतरवला तर ट्रान्झिस्टर नीट बंदच होईना आणि गळती वाढू लागली. तेव्हापासून चिपची नवी पिढी त्याच विजेत अधिक काम करते हे खरे, पण गेमिंग लॅपटॉप विकणारे ती बचत वापरकर्त्याला परत देत नाहीत, ती पुन्हा वेगावर खर्च करतात.

## उष्णता आणि तापमान: खाजनाचा हिशेब

खाजन, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचा भाग लवकर कळेल. पावसात वरच्या उतारावरून शेतात पाणी येत राहते आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या दारातून ते नदीत उतरते. शेतात येणारे पाणी म्हणजे वॅट, शेतातल्या पाण्याची पातळी म्हणजे चिपचे तापमान, दाराची रुंदी म्हणजे लॅपटॉपची थंड होण्याची व्यवस्था आणि नदीची पातळी म्हणजे खोलीतल्या हवेचे तापमान. शेतात पाणी चढू लागले की शेत आणि नदी यांच्या पातळीतला फरक वाढतो, फरक वाढला की पाणी अधिक जोराने बाहेर पडते, आणि केव्हातरी जेवढे येते तेवढेच जाऊ लागते. तिथे पातळी स्थिरावते.

यातून पहिली गोष्ट ही कळते की एकट्या पातळीवरून दाराची रुंदी सांगता येत नाही. दोन लॅपटॉप दोन्ही ९० अंशांवर असतील, पण त्यातला एक ६० वॅटवरच तिथे पोहोचला असेल आणि दुसरा १५० वॅट बाहेर फेकत तिथे उभा असेल, तर दुसरा कितीतरी सरस आहे. दुसरी गोष्ट आपल्याकडे अधिक जाणवते: नदी वीतभर चढली की शेतातली स्थिर पातळीही वीतभरच चढते. समजा, एखाद्या लॅपटॉपमध्ये दर वॅटमागे ०.४ अंश तापमान चढते. १५० वॅटवर त्याची चिप खोलीपेक्षा ६० अंशांनी वर राहील. खोली २५ अंशांवर असेल तर चिप ८५ वर, आणि एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांच्या खोलीत ९४ वर. यंत्र तेच, गेम तोच. फक्त नदी चढली.

## चिपपासून जाळीपर्यंत

चिपच्या पाठीवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. चिप आणि तिच्यावरचे तांबे यांच्यामधल्या सूक्ष्म फटीत हवा राहू नये एवढेच त्याचे काम, कारण हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. त्यावर तांब्याची पट्टी आणि तिला जोडलेल्या हीट पाइप असतात. ही नळी भरीव नसते. आत अगदी कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येते. अधिक महाग लॅपटॉपमध्ये नळ्यांऐवजी हेच तत्त्व वापरणारी सपाट पोकळ पेटी असते, तिला व्हेपर चेंबर म्हणतात.

नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या दाट पातळ पात्या असतात आणि पंखा त्यांच्यातून हवा ढकलतो. इथे आकडा थोडा डोळे उघडणारा आहे. २०० वॅट उष्णता बाहेर टाकायची आणि हवा २० अंशांनीच तापू द्यायची, तर सेकंदाला जवळजवळ नऊ लिटर हवा त्या बोटभर उंचीच्या जाळीतून गेली पाहिजे. हवेचा प्रवाह वाढवायचा तर पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. आवाजही झपाट्याने चढतो. म्हणून पंख्यांचा आवाज हा दोष मानू नये. एवढ्या बारीक देहातून एवढी हवा काढायची तर आवाज होणारच, आणि जो निर्माता लॅपटॉप शांत ठेवतो तो बहुधा वॅट कमी ठेवून ते साधतो.

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या काही नळ्या सामाईक असतात. प्रोसेसर विनाकारण तापला तर त्याचा भार ग्राफिक्सलाही सोसावा लागतो. गेममधली चित्रे मुख्यतः ग्राफिक्स चिप काढते, त्यामुळे प्रोसेसरला थोडे आवरले की गेम अनेकदा अधिक स्थिर चालतो. ऐकायला उलटे वाटते, पण सामाईक नळ्यांमुळे ते तसे आहे.

## थ्रॉटलिंग म्हणजे काय

ठरवून दिलेली मर्यादा गाठली की चिप स्वतःचा वेग आणि विद्युतदाब उतरवते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. ही मर्यादा एकच नसते. एक तापमानाची: इंटेलच्या अलीकडच्या अनेक उच्च श्रेणीच्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी ती १०० अंश आहे आणि एनव्हिडियाच्या लॅपटॉप ग्राफिक्स चिप साधारणपणे ८७ अंशांच्या आसपास हात आखडता घेऊ लागतात. दुसरी मर्यादा विजेची. कोअर आय९-१३९८०एचएक्स या प्रोसेसरसाठी इंटेलने मूळ शक्ती ५५ वॅट आणि कमाल टर्बो शक्ती, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवताना घेता येणारी, १५७ वॅट दिली आहे. जाहिरातीत जो ५.६ गिगाहर्ट्झचा आकडा झळकतो तो थोड्या वेळापुरता आणि एक-दोन कोअरपुरता, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एक-दोन घटकांपुरता असतो. सगळे कोअर तासभर त्या वेगाने पळतील असे कुणी म्हटलेलेच नसते.

पहिली दहा मिनिटे गेम उत्तम चालण्याचे कारण यातच आहे. सुरुवातीला तांबे, पात्या आणि सगळा सांगाडा थंड असतो, तो बरीच उष्णता स्वतःत सामावून घेतो, आणि तेवढा वेळ चिपला मोकळीक मिळते. सांगाडा तापला की बाहेर जाते तेवढीच उष्णता आत निर्माण करता येते. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबून काढलेले निष्कर्ष फारसे उपयोगाचे नसतात. मी स्वतः अर्ध्या तासानंतरचा वॅटचा आकडा विचारात घेतो, त्याआधीचा नाही.

थ्रॉटलिंग झाले म्हणजे यंत्रात बिघाड आहे असे नव्हे, पण प्रत्येक थ्रॉटलिंग निर्दोष असते असेही नाही. २०१८ च्या जुलैमध्ये कोअर आय९ असलेल्या मॅकबुक प्रोचा वेग भाराखाली अपेक्षेपेक्षा फारच खाली जातो हे वापरकर्त्यांनी दाखवून दिल्यावर, तापमान सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रात मुळातच बसवलेल्या प्रणालीत, एक डिजिटल किल्ली राहून गेली होती असे ॲपलने सांगितले आणि काही दिवसांत अपडेट दिले. यंत्राची धातू-तांब्याची रचना तीच राहिली. नियम बदलले आणि वेग सुधारला. लॅपटॉपचे बायोस, म्हणजे त्याचे मूळ फर्मवेअर, अद्ययावत ठेवा असे सांगतात, त्यामागे हे एक कारण आहे.

## एकाच नावाचे दोन लॅपटॉप सारखे का चालत नाहीत

टीजीपी हा शब्द खरेदीपूर्वी समजून घ्यावा. ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी यांना मिळून किती वॅट घेण्याची परवानगी आहे, ते टीजीपी सांगते. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपसाठी एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढी रुंद मर्यादा दिली आणि यातला कोणता आकडा घ्यायचा ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. बारीक, हलक्या लॅपटॉपमधली ४०६० आणि जाड लॅपटॉपमधली ४०६० यांचे स्टिकर एकच, पण कामात मोठी तफावत असू शकते.

डेस्कटॉपशी तुलना केली तर अंतर आणखी वाढते. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०९० च्या डेस्कटॉप कार्डाला ५७५ वॅट लागतात, तर त्याच नावाच्या लॅपटॉप चिपची मर्यादा ९५ ते १५० वॅट आहे आणि प्रोसेसर मोकळा असताना तिला वरून आणखी २५ वॅट मिळू शकतात. मुळात सिलिकॉनच वेगळे आणि लहान आहे. मेमरी डेस्कटॉपवर ३२ जीबी तर लॅपटॉपवर २४ जीबी. नाव सारखे ठेवण्याची ही प्रथा ग्राहकाच्या हिताची नाही असे माझे स्पष्ट मत आहे. जे पालक कष्टाचे पैसे मोजतात त्यांना हा फरक मोठ्या अक्षरांत सांगितला गेला पाहिजे. दुकानात 'ग्राफिक्स कितीचे' एवढे विचारून थांबू नये, 'टीजीपी किती वॅट' हेही विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर त्या मॉडेलचे तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावेत.

## आपल्या हवेचे काय

परदेशी समीक्षणांतले आकडे बहुधा विशीच्या घरातल्या थंड खोलीत मोजलेले असतात. गोव्यात मार्च ते मे या काळात किनारपट्टीवर दुपारी पारा ३२ ते ३५ अंशांच्या आसपास असतो, आतल्या तालुक्यांत कधी त्याहूनही वर जातो, आणि दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत लॅपटॉपने स्वतः टाकलेली उष्णताच पुन्हा आत ओढली जाते. तेव्हा समीक्षणातल्या तापमानात दहा-बारा अंश मिळवूनच ते वाचावे.

दमट हवेमुळे लॅपटॉप अधिक तापतो असा मात्र गैरसमज आहे. आपल्याला दमट हवेत उकडते कारण घाम वाळत नाही. लॅपटॉपला घाम येत नाही. तो कोरड्या वाऱ्यानेच थंड होतो, आणि तेवढ्याच तापमानाची दमट हवा त्याची उष्णता कोरड्या हवेइतकीच चांगली नेते. दमटपणा नुकसान करतो तो वेगळ्या वाटेने. समुद्राजवळच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस याच्या वर असते. पात्यांवर बसलेले मीठ ओले होऊन धातू खाऊ लागते आणि त्या ओलीवर धूळ चिकटत जाते.

किनाऱ्याजवळच्या घरात दोन पावसाळे काढलेल्या लॅपटॉपचे खालचे झाकण उघडले तर पंख्याची पाती फारशी घाण दिसत नाहीत, आणि बरेच जण तेवढे पाहून झाकण परत लावतात. खरी अडचण पंखा आणि पात्या यांच्यामधल्या अरुंद जागेत असते. पंखा उचलला की तिथे केस, सुताचे तंतू आणि लालसर धूळ यांचा दाबून बसलेला करडा थर दिसतो, तो चिमट्याने पट्टीसारखा अख्खा निघून येतो, आणि त्याच्या मागे पात्यांच्या कडांवर पांढरट-हिरवट डाग असतात. बाहेरून जाळीत फुंकर मारून हा थर निघत नाही. उलट कधी तो आणखी आत दाबला जातो. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पंखा काढून सफाई करून घ्यावी. सफाई करताना पंखा हाताने किंवा काडीने अडवून ठेवावा, कारण हवेच्या झोताने तो बेफाम फिरला तर त्याची बेअरिंग बिघडू शकते.

आणखी एक धोका वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर पडताना असतो. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी साचते. रात्रभर २० अंशांच्या खोलीत बंद पडून असलेला लॅपटॉप जुलैच्या हवेत आणून लगेच सुरू करू नये. पिशवीतच अर्धा-पाऊण तास ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. चालू असलेला लॅपटॉप गरम असतो, त्याच्यावर दव धरत नाही. म्हणून पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालवणे चांगले.

## ९५ अंशांवर चिप जळत नाही का

नाही. चिप त्या तापमानाला काम करेल अशा हिशेबानेच बनवलेली असते, मर्यादेपाशी ती वेग उतरवते, आणि त्याहून बरीच वर गेली तर यंत्र स्वतःला बंद करते. सतत अधिक तापमानात राहिल्याने झीज थोडी वाढते हे खरे, पण माझ्या पाहण्यात लॅपटॉपचे आयुष्य संपते ते चिपमुळे क्वचितच. पंखे, बॅटरी आणि चार्जिंगची पिन आधी दगा देतात. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. पूर्वी ८५ वर राहणारे यंत्र त्याच खोलीत, त्याच गेमला ९५ वर जाऊ लागले, साधे ब्राउझर उघडल्यावरही तापमान नव्वदीला भिडू लागले, किंवा खेळता खेळता लॅपटॉप अचानक बंद पडला, तर पेस्ट वाळली आहे, पंखा थकला आहे किंवा वाट बुजली आहे असे समजावे.

## मग करायचे काय

सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे, तो म्हणजे फ्रेमची मर्यादा. एफपीएस म्हणजे ग्राफिक्स चिप सेकंदाला किती चित्रे काढते ते. पडदा १६५ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला १६५ चित्रेच दाखवू शकतो, पण मर्यादा घातली नाही तर जुन्या किंवा हलक्या गेममध्ये चिप ३०० चित्रे काढत बसते आणि त्यातली कितीतरी कधीच पूर्णपणे दिसत नाहीत. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नियंत्रण पटलात ही मर्यादा घालता येते. कथाप्रधान गेमला ६० ते ९० एफपीएस पुरतात आणि तेवढ्यावर पंखे किती शांत होतात हे पाहण्यासारखे असते. यावर स्पर्धात्मक खेळणाऱ्या मुलांचा आक्षेप असतो की अधिक एफपीएसमुळे माउसचा प्रतिसाद लवकर मिळतो. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अशा गेममध्ये मर्यादा पडद्याच्या वेगाच्या जराशी खाली ठेवावी आणि चित्राची गुणवत्ता मध्यम करावी. पण चढत-उतरत धावणाऱ्या १४० एफपीएसपेक्षा स्थिर ११० हातालाही बरे लागतात, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

दुसरा उपाय विद्युतदाबाचा. त्याच वेगासाठी दाब थोडा कमी देणे याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपन्या सगळ्या चिप सांभाळून घेण्यासाठी दाब थोडा जास्तच ठेवतात, त्यामुळे बहुतेक चिपमध्ये थोडा वाव असतो. इंटेलच्या प्रोसेसरवर हे करणे आता अनेक लॅपटॉपमध्ये बंद आहे, कारण दाब बदलून सुरक्षेला बगल देणारी प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी २०१९ च्या डिसेंबरमध्ये उघड झाली आणि कंपन्यांनी बायोसमधून ती सोय काढून घेतली. ग्राफिक्स चिपवर एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनाने ते करता येते. दाब फार उतरवला तर गेम बंद पडतो किंवा पडदा गोठतो, कायमचे नुकसान होत नाही. एक पायरी मागे यावे. ज्यांना इतके खोलात जायचे नाही त्यांनी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. एवढ्याने टर्बो बंद होतो, प्रोसेसरचे तापमान ठळकपणे उतरते, आणि ग्राफिक्सवर चालणाऱ्या गेममध्ये फारसा फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. तिथे कंपनीच्या ॲपमधला मधला मोड निवडावा.

कूलिंग पॅडबद्दल नेहमी विचारले जाते. लॅपटॉप खालून हवा घेतो, म्हणून त्याची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणे हाच अर्धा फायदा आहे आणि तो लाकडी पट्टीनेही मिळतो. स्वस्त पॅडमधले नाजूक पंखे त्यात थोडीच भर घालतात. ज्यांना कडेने फोम असतो आणि जे हवा थेट लॅपटॉपच्या जाळीत दाबतात त्यांचा उपयोग खरोखर होतो, पण ते आवाज करतात आणि धूळही आत ढकलतात. अंथरुणावर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून खेळणे मात्र पूर्ण बंद करावे. वातानुकूलन असेल तर २५-२६ अंश पुरे आहे. नसेल तर खिडकी उघडी ठेवून टेबलफॅन लॅपटॉपच्या बाजूने असा लावावा की मागून निघालेली गरम हवा खोलीत घुटमळणार नाही. वरचा छताचा पंखा तीच हवा फिरवत राहतो.

पेस्ट बदलण्याची घाई करू नये, वॉरंटी असेपर्यंत तर नाहीच. काही महाग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. त्यात गॅलियम असते, ते वीज वाहते आणि ॲल्युमिनियम पोखरते. अशा यंत्राचे झाकण उघडून साध्या पेस्टच्या सवयीने कुणी हात घातला तर मदरबोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगावे.

## बॅटरीवर खेळले तर

वीज गेली आणि बॅटरीवर खेळायला घेतले की एफपीएस निम्म्याच्या खाली येतात, तेव्हाही लॅपटॉप बिघडलेला नसतो. विमानप्रवासात परवानगीविना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने मोठ्यात मोठी लॅपटॉप बॅटरी त्याच्या जराशी आतच असते. २०० वॅटने ती अर्ध्या तासात संपेल, आणि एवढा प्रवाह सतत देणे तिला झेपतही नाही. म्हणून यंत्र स्वतःच वॅट कमी करते. याच कारणाने सोबतचा जड चार्जर वसतिगृहात नेणे टाळू नये. टाइप-सीचा १०० वॅटचा चार्जर अभ्यासाला पुरतो, गेमला नाही.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते, आणि टेबलावर प्लगला जोडून खेळणाऱ्यांच्या बॅटरीवर रोज हेच ओढवते. कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचे झाकण फुगलेले वाटले तर बॅटरी फुगली आहे असे धरून लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जरला लावू नये, आणि बॅटरी दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

## नवा लॅपटॉप घेतल्यावर

बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी एक चाचणी घरच्या घरी करावी. ज्या खोलीत मूल खरोखर खेळणार आहे त्याच खोलीत, दुपारी, चार्जर लावून, नेहमीचा भारी गेम निदान पाऊण तास चालवावा आणि एचडब्ल्यूइन्फो किंवा आफ्टरबर्नर या आकडे दाखवणाऱ्या ॲपमध्ये दर दहा मिनिटांनी ग्राफिक्सचे वॅट, प्रोसेसरचे वॅट, दोघांचे तापमान आणि एफपीएस वहीत लिहून ठेवावेत. ग्राफिक्स चिप शेवटपर्यंत जाहीर केलेल्या टीजीपीच्या जवळ राहिली तर प्रोसेसर ९५ वर दिसला तरी यंत्र चोख आहे. ती ११५ वॅटऐवजी ७० वॅटवर येऊन थांबत असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये परफॉर्मन्स मोड चालू आहे का ते पाहावे आणि मगच दुकानदाराकडे जावे. आखातातून लॅपटॉप मागवणाऱ्यांनी त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे पैसे देण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, आणि ही चाचणी काका सुट्टीवरून परत जाण्याआधी उरकावी, म्हणजे पीस बदलायचा झाला तर तो त्यांच्याच हाती परत देता येतो.